व्याह्यांनी पास केलेला डबा

देवानं माणूस घडवल्यावर खाली पाठवण्याआधी तपासून घ्यायचं काम माझ्या व्याह्यांना दिलं असतं, तर आज डांगे चौकात एवढी गर्दी झाली नसती. निम्मी माणसं त्यांनी वरूनच परत पाठवली असती, आणि ती सुद्धा कानाला नापास मालाचा लाल रंग लावून. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पण ही सोयरीक नंतरची. त्याआधी आम्ही दोघं चिंचवडच्या एकाच कंपनीत होतो. मी लेथवर टर्नर आणि ते तपासणी खात्यात. म्हणजे मी दिवसभर माल काढायचा आणि यांनी संध्याकाळी तो परत पाठवायचा, असा आमचा संसार. सगळी उमेदीची वर्षं या माणसानं माझ्या हातचा माल मायक्रोमीटरच्या चिमटीत धरून नाक मुरडलं, आणि शेवटी माझी लेक मात्र पहिल्याच बघण्यात पास केली. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. अक्षता पडल्या आणि अहो-जाहो सुरू झालं. ते अहो मला अजून नव्या चपलेसारखं चावतं.

तपासणी हे त्यांचं काम नव्हतं, तो त्यांचा पिंड होता. कंपनी बंद पडली, ते चाकणला दुसरीकडे लागले, तिथून रिटायर होऊन वाकडला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी तपासणी थांबली नाही. भाजीवाल्याकडे ते मेथीची जुडी उलटी धरून झाडतात. कलिंगड घ्यायला गेले की एकेक उचलून कानाशी धरतात, बोटानं वाजवतात, आणि रांगेतली बाकीची माणसं घरी जाऊन जेवून येतात. माझ्या लेकीच्या लग्नात मांडवाचा खांब ओळंब्यात नाही म्हणून यांनी मुहूर्ताला मंडपवाल्याला वर चढवलं होतं. माझे पाहुणे खवळले. मी म्हणालो, "खवळू नका. खांबाचं नशीब की तो सरळ करता येतो. माझा माल तर हा भंगारात घालायचा."

आता एक गोष्ट अभिमानानं सांगतो. माल थोडा नापास असला, तरी कामापुरता चालवून घ्यायची एक परवानगी कंपनीत असायची. तिला डेव्हिएशन म्हणत. तपासणीवाल्यानं सही केली की नापास माल पुढं जायचा. बाकीचे टर्नर महिनाअखेर आली की यांच्या टेबलापुढं हात जोडून उभे राहायचे, "साहेब, एवढ्या वेळी डेव्हिएशनवर सोडा." मी कधी गेलो नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण हात जोडायला शिकलो नव्हतो. परत आला माल तर पुन्हा करीन, ओव्हरटाइम करीन, पण मागणार नाही. तेही कधी आपणहून सोडायचे नाहीत. आमची मैत्री अशी दोन्हीकडून घट्ट आवळलेली होती.

तर अशा माणसानं घरासाठी एक डबा घ्यायचं ठरवलं. डबा म्हणजे काय, ते जावयानं मला दोनदा समजावलं. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एका पेटीत ठेवायची. पेटीत दोन डिस्क असतात आणि ती घरातल्या वायफायला जोडलेली असते. मग टीव्ही लावा नाहीतर मोबाईल, सगळीकडून आतलं दिसतं. जावई तिला नॅस म्हणतो. मी कणगी म्हणतो, कारण काम तेच, धान्य तेवढं वेगळं. जावई हिंजवडीला कॉम्प्युटरवरच बसतो. त्याला हे दहा मिनिटांत मागवता आलं असतं. पण बापापुढं त्याचं काय चालणार? "न बघता मागवायचं? दारात येऊन पडलेला माल कुणी तपासायचा?" असं म्हणून व्याह्यांनी मोहीम स्वतःच्या हातात घेतली, आणि सोबतीला मला घेतलं.

डांगे चौकाजवळ एका शेखभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सोन्यासारखा माणूस. पहिल्या दिवशी व्याह्यांनी त्यांना विचारलं, "नापास झालेले डबे आहेत का? आधी ते दाखवा." शेखभाई घाबरले. म्हणाले, "काका, माझ्याकडे सगळा चांगला माल आहे." व्याही म्हणाले, "चांगला माल सगळेच दाखवतात. वाईट कसा होतो ते कळल्याशिवाय मी घेत नाही." दुसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालू डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बेअरिंगचा आवाज आम्ही कंपनीत असाच ऐकायचो. दुकानातली पोरं मोबाईल काढून बघायला लागली. शेखभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चाचा, ह्यांना सांगा ना, हा पेशंट नाही." चार खणांचा डबा त्यांनी बघताक्षणी बाद केला. "जेवणारे दोघं आणि चुली चार कशाला?" दोन खणांचा मात्र पसंत पडला. दोन्ही डिस्कांत एकच गोष्ट दोनदा लिहिली जाते, एक गेली तरी दुसरीत सगळं असतं, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता घेणारच. पण नाही. पंख्याचा आवाज, पत्र्याची जाडी, स्क्रूचे आटे. उन्हाळा गेला, निम्मा पावसाळा गेला. शेखभाई आम्हाला बघितलं की आधी चहा सांगायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे.

एवढ्या वेळात माझ्या पोटात काय चाललं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. लेकीला तेवढं माहीत होतं. आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. लेथला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. वर्षभर गेटवर झडती देऊन आत जाणारे आम्ही, त्या एका दिवशी बायकापोरांना आत नेऊन दाखवायचो, की बघा, मी इथं उभा असतो. एरवी आत कॅमेरा न्यायला बंदी होती. एका खंडेनवमीला या व्याह्यांनी परवानगी काढली आणि मेव्हण्याचा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणून सगळं खातं टिपलं. ती कॅसेट पुढं डिस्कवर चढवली आणि कॅसेटला पावसाळ्यात बुरशी लागली. आज कंपनीच्या जागेवर उंच इमारती उभ्या आहेत. गेट नाही, भोंगा नाही, शेडचा पत्रा नाही. माझ्या लेथपाशी उभा असलेला मी जगात कुठं शिल्लक असेन, तर त्या एका जुन्या डिस्कवर. आणि ती डिस्क टकटक करायला लागली होती.

लेक म्हणाली, "आप्पा, मी बाबांना सांगू का, आधी ते शूटिंग दाखवा म्हणून?" मी म्हणालो, "खबरदार. लेकीच्या सासरी मी काही मागत न्हाई. आणि मला काय बघायचंय त्यात? लेथच हाय."  लेकीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शेवटी एकदाचा डबा आला. जावयानं जोडून दिला, दोन्ही डिस्क घातल्या, घरातले लग्नाबारशाचे फोटो आधी भरले. नंतर त्याच्या कामाची गडबड सुरू झाली आणि पुढची देखरेख व्याह्यांकडे आली. जुन्या डिस्कवरचं सगळं त्यांनी स्वतः बसून डब्यात चढवलं. मग त्या टकटक करणाऱ्या डिस्कला लाल रंग फासला आणि लाल पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. नापास माल चांगल्यात मिसळू नये म्हणून कंपनीत असाच कोंडून ठेवायचे. मला म्हणाले, "खंडेनवमीला या. सगळ्यांना बसवून मोठ्या टीव्हीवर दाखवतो. तोवर कुणाला दाखवणार नाही."

खंडेनवमीला मी इस्त्रीचा शर्ट घातला. कुणी विचारलं तर सणच होता. वाकडला पोचलो तर टीव्हीपुढं पाट मांडलेला, डब्याला झेंडूची माळ, वर कुंकवाचं बोट. व्याह्यांनी रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. जावई उठला, त्यानं डबा बघितला, त्याचं पुढचं दार उघडलं आणि तसाच बसून राहिला.

"बाबा, दुसरी डिस्क कुठाय?"

"कपाटात."

"कपाटात?"

"स्पेअर आहे ती," व्याही म्हणाले. "तू फोटो भरून दिलेस, त्याच दिवशी काढून तेलकागदात गुंडाळून ठेवली. स्पेअर कधी मशीनवर ठेवतात का? झिजेल ना."

जावयानं डोक्याला हात लावला. "अहो, ती आत असली तरच तिच्यात लिहिलं जातं! आणि हा पिवळा दिवा? इतके दिवस पिवळा दिवा लागलाय, तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"पिवळा म्हणजे तपासणी चालू," व्याही शांतपणे म्हणाले. "हिरवा पास, लाल नापास. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, डबा स्वतःच स्वतःची तपासणी करतोय."

आमच्या कंपनीत पिवळी चिठ्ठी म्हणजे तेच होतं, हो. मी सुद्धा तो दिवा बघून मान डोलावली होती. झालं असं होतं की गुरुवारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या धक्क्यात आतली एकुलती एक डिस्क बंद पडली. कपाटातल्या डिस्कवर लग्नाबारशाचे फोटो होते. कंपनी नव्हती. ती नंतर चढवली होती.

 व्याही खुर्चीवर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मला म्हणाले, "माल माझ्या हातून गेला. मी पास केला होता." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो. लेथच होतं." पण माझा आवाज मलाच बरोबर लागला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, ती लाल पेटीतली जुनी डिस्क?"

"ती नापास आहे."

"एकदा लावून बघू ना."

"नापास माल लाइनवर परत जात नाही," व्याही म्हणाले. त्यांनी खिशातली किल्ली मुठीत धरली. जावई काही बोलणार होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. आधीच एक चूक झालेली, आता नियमही सोडला तर त्या माणसाकडे उरणार काय? मला ते कळत होतं. त्या घरात ते मला एकट्यालाच कळत होतं.

मी उठलो. इस्त्रीचा शर्ट खाली ओढला. त्यांच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिलो, जसे ते बाकीचे टर्नर त्यांच्या टेबलापुढं राहायचे तसा. आणि हात जोडले.

"साहेब," मी म्हणालो, "एवढ्या वेळी डेव्हिएशनवर सोडा."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.  मग म्हणाले, "कारण काय लिहू?"

"लिहा, टर्नरला बघायचंय."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

पुढचं काम जावयाचं. ते त्यानं फार निगुतीनं केलं. त्यानं ती लाल डिस्क लॅपटॉपला लावली, खाली उशी ठेवली, श्वास रोखून एकेक गोष्ट काढत बसला. डिस्क टकटक करत होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बाळंतिणीच्या खोलीकडे बघावं तसं बघत होतो. बाकीचं खातं आलं नाही. दुसरं एक मशीन नाही, पूजा नाही, पेढे नाहीत. एक तुकडा तेवढा आला.

माझं लेथ. त्याला माळ. शेजारी मी, कपाळाला कुंकू, केस काळे, छाती पुढं काढून असा उभा की जणू मशीन माझ्या बापानं बांधलंय. बाजूला माझी मंडळी, कडेवर लेक, आणि ती भोंग्याला घाबरून भोकाड पसरतेय. टीव्हीसमोर बसलेली लेक एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कॅमेऱ्यामागून कुणाची तरी मंडळी विचारते, "हे कुणाचं मशीन, भाऊ?" आणि उत्तर येतं, कॅमेरा धरलेल्या माझ्या व्याह्यांचं, तरुण आवाजात, "आमच्या सगळ्यात हट्टी टर्नरचं. याचा माल मी चुका काढायला बघत नाही, वहिनी. बघायला बरा वाटतो म्हणून बघतो."

"मग परत का पाठवता?"

"परत येतो तेव्हा आणखी देखणा होऊन येतो."

तिथंच चित्र थांबलं. डिस्कनं एक लांब टक केलं आणि ती कायमची गप्प झाली.

व्याह्यांनी घसा खाकरला. "आवाजात दोष आहे," ते म्हणाले. "जुनं रेकॉर्डिंग. ग्राह्य धरू नका."

"डेव्हिएशनवर घेतो," मी म्हणालो.

आता त्या डब्यात नवी धरून दोन्ही डिस्क असतात आणि दिवा हिरवा असतो. लाल डिस्क पुन्हा पेटीत गेली, नियमाप्रमाणे. मी वाकडला गेलो की मला मागावं लागत नाही. चहा झाला की व्याही आपणहून टीव्ही लावतात आणि आम्ही दोघं तो तुकडा बघतो. झेंडूची माळ, लेथ, माझी मंडळी, रडणारी लेक. बाहेर खाली गाड्यांचा गोंगाट चाललेला असतो, आणि आत आमची कंपनी चालू होते, तेवढ्यापुरती. ते शेवटचं बोलणं जवळ आलं की व्याही रिमोट उचलतात आणि आवाज बंद करतात. न चुकता.  बोलणारा कॅमेऱ्यामागं आहे, त्यामुळं त्याचे ओठ काही पडद्यावर हलत नाहीत. मी स्वतःला बघत राहतो. तेवढं बोलणं मला पाठ आहे.