गुणाची पोर

माझी मुलगी रडायची नाही. आमच्या मजल्यावर याचं भारी कौतुक. समोरच्या गुजराती बेन दारात उभ्या राहून म्हणायच्या, "कितनी शांत बच्ची है! हमारेवाले ने तो नींद हराम कर दी थी." सासूबाई लगेच मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या. गुणाची पोर म्हणे! मला त्या गुणांचीच धास्ती वाटायला लागली होती.

माझी आई नाही, म्हणून गोडदेवच्या आमच्या वन रूम किचनमध्ये माझं बाळंतपण करायला सासूबाई कोकणातलं घर बंद करून आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्यावरून पहिल्याच दिवशी आमची जुंपली. सहाण, वेखंड, मुरडशेंग, जायफळ असं सगळं त्यांनी गावाहून बांधून आणलं होतं. "गुटीशिवाय पोरं वाढतात होय? तुझा नवरा काय हवेवर वाढला?" मीही हट्टाला पेटले. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाई, तुझी पोर, तुझी डॉक्टर." मला वाटलं, विषय संपला.

दोन महिने होत आले तरी पोर हसेना. खालच्या मजल्यावरचं तिच्याच वयाचं बाळ आईच्या तोंडाकडे टकमक बघत हुंकार द्यायचं. ही माझ्याकडे बघता बघता डोळे मिटायची. पाजायला घेतली की जरा ओढायची आणि झोपायची. तळवे चोळा, कानाला टिचक्या मारा, ढिम्म. हळूहळू माझं दूध आटायला लागलं. सासूबाई मला अळिवाचे लाडू भरवायच्या आणि वर सुस्कारा टाकायच्या, "काय करायचं, एकेकीच्या अंगाला दूधच नसतं." मी संडासात जाऊन नळ सोडून रडायचे. आई म्हणून मी नापास, दुसरं काय!

पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या तेव्हा पुढच्या लसीची वाट न बघता आम्ही दोघी तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पापणी वर करून बघितली आणि मला सोडून सासूबाईंना विचारलं, "आजी, वरचं काय देताय?"

"काही नाही हो. आंघोळ घातली की गुटी तेवढी. सहाणेवर जायफळाचे वेढे जरा जास्त, झोप लागावी म्हणून."

म्हणजे रोज. न्हाणीचं दार लावून. माझ्या मस्तकात तिडीक गेली. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, की जायफळाने बाळाला गुंगी येते, गुंगीतलं बाळ दूध मागत नाही, ते ओढत नाही म्हणून आईचं दूध आटतं, आणि उपाशी बाळ आणखीच गळून पडतं. "अशी बाळं झोपेतच जातात, आजी," त्या म्हणाल्या. मुलीला तिथंच भरती करून घेतलं.

सासूबाई बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिल्या. घरी जा म्हटलं तरी हलेनात. त्यांना काय काय ऐकवायचं ते मी पोरीच्या उशाशी बसून मनात घोळवत होते. मग एका सकाळी पोरीने टाहो फोडला. भुकेने. छातीशी घेतली तर अशी अधाशासारखी ओढायला लागली, की मला दुखलं, हसू आलं, रडूही आलं. आवाज ऐकून सासूबाई आत आल्या आणि दारातच थांबल्या.

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा असताना गेला. देवाला आवडला, यापलीकडे घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"थोरला असा कधी रडलाच नाही गं," त्या म्हणाल्या.

माझा राग गेला नव्हता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. पोर चुटूचुटू पीत होती.

"मला वाटायचं, पोट भरलंय त्याचं."