डोक्यात रक्त, तोंडात पाय

“डोक्यात रक्त साचलंय. सबड्युरल हिमॅटोमा.” सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्ताचा पातळ थर जमणं. मार लागल्यावर लगेच कळतं असं नाही, हळूहळू साचतं आणि मग मेंदूला दाबतं.

मार कुठला, ते मला आठवायला लागलं. चाकणच्या कंपनीत मी परचेसला आहे. महिन्याभरापूर्वी स्टोअरमध्ये वाकून माल बघत होते आणि उठताना रॅकची कड डोक्याला लागली. टेंगूळ आलं. बर्फ लावला आणि कामाला लागले. पुढे डोकं दुखायचं तेव्हा चहा आणि गोळी घ्यायचे. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं हटत नसेल तर गोळ्या खात बसू नये, दाखवावं. मी दाखवलं ते जिन्यात तोल गेल्यावर.

डॉक्टर पुढे म्हणाले, “थर पातळ आहे. बऱ्याचदा आपोआप शोषला जातो. ऍडमिट व्हा, लक्ष ठेवू. बोलण्यात, समजण्यात फरक पडला तर मात्र कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढावं लागेल.”

भोक छोटं असो की मोठं, मला ते नको होतं.

आता पायबद्दल सांगायला हवं. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, तो पाय. तीन पॉइंट चौदा, आणि पुढचे आकडे संपतच नाहीत. पिंपळे गुरवहून चाकणला कंपनीच्या बसने जाताना मोशीच्या पुढे गाडी जी थांबते, ती थांबतेच. बाकीच्या बायका रील्स बघतात. मी पायचे आकडे पाठ करायला घेतले. उपयोग काहीही नाही, मजा म्हणून. पाढे जसे म्हटले तसेच हेही, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, मराठीत: चौदा, पंधरा, ब्याण्णव, पासष्ट, पस्तीस, एकोणनव्वद, एकोणऐंशी. याला चाल लागते. मध्येच कोणी बोललं की चाल तुटते आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून कोणी हाक मारली की मी डोळे न उघडता हात वर करून ‘थांबा’ अशी खूण करते. घरात आणि बसमध्ये ही खूण सर्वांना माहीत आहे.

हॉस्पिटलमध्ये नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडल्यापडल्या मी आकडे म्हणत होते. राउंडवरचे निवासी डॉक्टर आले. पोरगेलेसे, आकुर्डीच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. “मॅडम, आज वार कोणता?” मी हात वर केला. “मॅडम, तुमचं नाव?” मी हात आणखी वर केला आणि आवाज वाढवला, “चौऱ्याऐंशी, एकोणीस, एकाहत्तर...”

ते पळतच बाहेर गेले.

पाठ होते तिथपर्यंत पोचून मी डोळे उघडले, तेव्हा सिस्टर माझं जेवणाचं ताट उचलून नेत होती. “उपाशी ठेवायला सांगितलंय. ऑपरेशन लागू शकतं.” मी म्हटलं, “मी ठणठणीत आहे, पाय म्हणत होते.” तिने चादर सरकवली आणि माझे पाय तपासले.

पुन्हा सीटी झाला. नंतर मोठे डॉक्टर आले, सोबत ते निवासी डॉक्टर. मागे माझा नवरा, सुरेश. हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा पांढरा.

“स्कॅनमध्ये फरक नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले, “पण हे म्हणतात, तुम्ही असंबद्ध बडबडत होता.”

“सर, एकोणऐंशी वगैरे काहीतरी,” निवासी म्हणाले. “मला नीट कळलंही नाही.”

“एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी-नाइन,” मोठे डॉक्टर म्हणाले. ते राजगुरुनगरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांनी मोबाइलवर पायचे आकडे काढले. “म्हणा बाई. सावकाश.”

माझी मौखिक परीक्षा सुरू झाली. ते एकेक जोडी बघत मान डोलवत होते. मी रंगात आले. “एकोणीस, एकाहत्तर, एकोणचाळीस, एकोणसत्तर...”

मान थांबली. “इथे आधी एकोणसत्तर आहे, मग एकोणचाळीस.”

मी परत म्हटलं. परत तसंच आलं. इतके महिने चोख म्हणत होते, आणि आजच चूक? म्हणजे रक्त खरंच मेंदूला दाबतंय? निवासी डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फिल्म पुन्हा हातात घेतली.

“डॉक्टर,” सुरेश म्हणाला, “ती तिथं नेहमीच चुकती.”

“काय?” हे मी.

“दर रविवारी माझ्या हातात कागद देऊन म्हणून दाखवती. दर रविवारी तिथंच उलटं. आज चुकली नसती तर मी घाबरलो असतो.”

“आणि मला एकदाही सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर पुन्हा पहिल्यापासनं धरलं असतंस. मला भाजीला जायचं असायचं.”

मोठे डॉक्टर इतके हसले की शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. मग त्यांनी मला वार, गाव, शंभरातून सात-सात वजा करणं, सगळं विचारलं. हात-पाय ढकलून पाहिले. “ऑपरेशन नको. जेवण द्या यांना.” निवासी डॉक्टरांनी मान खाली घालून माझ्याकडून एकोणनव्वद आणि एकोणऐंशी यांतला फरक समजून घेतला. ताट परत आलं. भात गार होता. मी सगळा खाल्ला.

रक्त पुढे हळूहळू शोषलं गेलं. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. त्या हॉस्पिटलचे, त्या पळत गेलेल्या डॉक्टरांचेसुद्धा, मी आभार मानते. त्यांनी पळायलाच हवं होतं. आपण काय करतोय हे ऍडमिट होतानाच सांगायला हवं, ते मी सांगितलं नव्हतं. आणि संसाराबद्दल माझं मत थोडं बदललं. नवरा ऐकत नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. तो ऐकत होता, बोलत नव्हता.

घरी आल्यावर कागद घेऊन मी ती जोडी दुरुस्त करायला बसले. सुरेश भाजीची पिशवी घेऊन दारात उभा होता.

“राहू दे की,” तो म्हणाला. “उद्या परत ऍडमिट झालीस आन् बरोबर म्हटलंस, तर मी डॉक्टरला काय सांगू?”

मी कागद घडी करून ठेवला.