यादीतली तिसरी ओळ

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा बसवणारे जे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे थांबाकाका म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि ते तिथेच असतं. टोपणनाव मात्र त्यांनी स्वकष्टाने मिळवलेलं आहे. गेली अकरा वर्षं मी पुढच्या खोलीत लोकांचे डोळे तपासतो. या अकरा वर्षांत कुणी "काका, कुठला फोन घेऊ?" असं विचारलं आणि त्यांच्या तोंडून "थांबा" सोडून दुसरा शब्द आधी निघाला, असं गेल्या महिन्यापर्यंत एकदाही झालेलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी शाळेतल्या एक बाई वाचायचा चष्मा न्यायला आल्या. चष्मा राहिला बाजूला, त्यांनी पिशवीतून फोन काढून काउंटरवर ठेवला.

"काका, हा आता मान टाकतोय. नवीन कुठला घेऊ?"

"थांबा. सहा आठवड्यांत धाकटीचं नवं मॉडेल येतंय. मग आत्ताचं उतरेल."

"आणि सहा आठवडे बोलू कशावर?"

"कमी बोला. बॅटरी टिकेल."

बाई चिडल्या नाहीत. उलट शेजारणीसाठी लॅपटॉपचंही विचारून गेल्या. त्याही थांबणार असं ठरलं.

धाकटी म्हणजे एक कंपनी. कंपन्यांची खरी नावं काका घेत नाहीत. जगातला सगळा संगणक-व्यवहार त्यांनी एका घरात आणून बसवला आहे. थोरली देखणी, गर्विष्ठ, आपल्या खोलीचं दार आतून लावून बसणारी. तिच्याकडे एकदा वस्तू ठेवली की परत मागताना कपाळावर आठ्या बघाव्या लागतात. मधली कचेऱ्यांमधून नोकरी करणारी, दर महिन्याला काहीतरी दुरुस्त करून दुसरं काहीतरी बिघडवणारी. आणि धाकटी म्हणजे पाठीला पाच कॅमेरे लावून हिंडणारी. "त्यातले दोन शोभेचे," असं काका म्हणतात. "मेगापिक्सेल म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदव्या. जितक्या जास्त, तितका माणसाविषयी संशय घ्यावा."

अशी मतं त्यांच्यापाशी रोजच्या रोज ताजी असतात. फोनच्या खोक्यातून चार्जर गेला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, की झाडं वाचवायला काढला तर खोकं का छापलं? अपडेटनंतर फोन मंदावतो हे वयोमानाने होतं, असं कंपन्या सांगतात. "माझंही होतं," काका म्हणतात, "पण मी कुणाला नवीन माणूस घ्या म्हणून नोटीस पाठवत नाही." पडदा बघताना ते फोन डोळ्यांपासून वीतभर धरतात, तिरका करतात, आणि काचेत दोष शोधावा तसा शोधतात. दोष बहुतेक सापडतोच. स्वतःचा फोन पाच वर्षांचा, कोपऱ्यात तडा गेलेला. "अजून चालतोय," एवढंच ते त्याच्याबद्दल बोलतात. हे त्यांच्या तोंडून निघालेलं सर्वांत मोठं कौतुक.

मला कोडं होतं ते एवढंच, की थोरलीला दिवसातून चार वेळा नावं ठेवणारा हा माणूस घरातले सगळे फोन थोरलीचेच का वापरतो? स्वतःचा, काकूंचा आणि परदेशी नोकरीला गेलेल्या मुलीचाही. तिन्ही फोन एकाच कुटुंब-खात्यात, आणि खात्याचे व्यवस्थापक अर्थात काका.

उत्तर एका दुपारी डबा खाताना मिळालं. त्यांचा फोन टेबलावर उघडा होता आणि पडद्यावर खात्यातल्या फोनांची यादी होती. पहिली ओळ त्यांचा फोन. दुसरी ओळ काकूंचा. तिसरी ओळ मुलीचा, शेजारी बॅटरीचं छोटं चित्र आणि आकडा. एकोणीस टक्के.

"आज बाहेर हिंडलीय," काका घास चावत म्हणाले.

"कोण?"

"लेक. कचेरीत असली की चार्जरवर असते, सत्तरच्या खाली जात नाही. एकोणीस म्हणजे सकाळपासून रस्त्यावर. कुठल्या तरी क्लायंटकडे."

मी जेवण थांबवून बघत राहिलो. मग त्यांनी मला ते सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आकडा तासन्‌तास हलत नसला तर झोपली आहे. भराभर उतरत असला तर कुणाशी तरी व्हिडिओवर बोलते आहे. पहाटे शंभर आणि दहा वाजताही नव्व्याण्णव, तर सुट्टी आहे आणि लोळते आहे. ती कुठे आहे हे मात्र त्यांना दिसत नव्हतं. ते तिने बंद करून ठेवलं होतं, आणि बंद कसं करायचं हे विमानतळावर निघायच्या आदल्या दिवशी काकांनीच तिला शिकवलं होतं. खाजगीपणाबद्दल त्यांची मतं कडक आहेत. त्या कडकपणातून बॅटरी तेवढी सुटली होती.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"सुरुवातीला मेसेज टाकायचो, 'अकरा टक्के आहे, चार्जर लाव.' पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा हसली. तिसऱ्यांदा म्हणाली, बाबा, तू असा बघत बसू नकोस रे. मी वचन दिलं, की मेसेज करणार नाही."

"आणि बघणार नाही?"

"तसं काही लिहून दिलेलं नव्हतं," काका म्हणाले. अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचणारा माझ्या ओळखीतला हा एकमेव माणूस.

तेव्हापासून डब्याच्या वेळी मीही त्या तिसऱ्या ओळीकडे एक नजर टाकू लागलो. मला ती मुलगी नीट आठवतही नव्हती. सोळा वर्षांची असताना दुकानात आली होती, उणे दीड नंबर निघाला म्हणून खुर्चीत रडली होती. आता ती माझ्यासाठी एक आकडा होती, आणि त्रेसष्ट बघितलं की उगाच बरं वाटायचं.

मागच्या वर्षी तिने तिकडेच लग्न केलं. जावई भला आहे. काकांच्या मते त्याचा एकच दोष, की घेण्याआधी तो कुणाला विचारत नाही. घड्याळ घेतलं, स्पीकर घेतले, घरभर बोलणारे दिवे लावले. "दिव्याला बटण असतं," काका म्हणायचे, "तेवढं कुणीतरी त्याला सांगा." स्वतः त्यांनी सांगितलं नाही.

आणि मग गेल्या महिन्यात, डब्याच्याच वेळी, मुलीचा मेसेज आला. काकांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्याकडे सरकवला. 'बाबा, आम्ही दोघांचं वेगळं फॅमिली खातं करतोय. मला तुझ्या फॅमिलीतून काढ ना. मला स्वतःला निघता येत नाहीये, मॅनेजरनेच काढावं लागतं म्हणे.'

थोरलीचा नियम असा आहे, की एका माणसाला एका वेळी एकाच कुटुंबात राहता येतं. लग्न झालेल्या मुलींविषयी इतकं ठाम मत मी समाजशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

काकांनी काय करावं? त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण हात खरकटा होता.

"अगं, थांब जरा. पुढच्या महिन्यात नवी सिस्टीम येतेय. त्यात दोन खाती जोडता येतील असं ऐकतोय."

पलीकडून हसू आलं. "बाबा, मी गिऱ्हाईक नाहीये."

"तसं नाही. घाईत फोटो जातात लोकांचे. एकाचे तर सहा वर्षांचे गेले."

"फोटो मी काढून ठेवलेत. दोन ठिकाणी. तूच शिकवलंस ना, एक प्रत म्हणजे शून्य प्रती."

"कॅलेंडर?"

"उतरवलं."

"पासवर्ड?"

"बाबा."

"विचारतोय फक्त. नोट्स?"

"बाबा, तुला काढायचं नाहीये का मला?"

मी डब्याचं झाकण लावू लागलो. काका हसल्यासारखं करून म्हणाले, "छे गं. मी आपली यादी तपासतोय. तांत्रिक बाजू." मग कापडाला हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि एकेक पायरी मोठ्याने म्हणत गेले, पलीकडे मुलगी 'हं, हं' करत होती. शेवटी पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'कुटुंबातून काढून टाका'. त्याखाली खात्री आहे का, असं विचारणारी दोन बटणं.

"झालं का?" मुलीने विचारलं.

"होतंय. नेटवर्क मंद आहे."

आमच्या दुकानाचं नेटवर्क मंद नाही. ते काकांनी स्वतः बसवलेलं आहे आणि त्याचा वेग ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजून दाखवतात. मिनिटभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी अंगठा टेकवला.

"झालं," ते म्हणाले. "आता तू त्याच्या खात्यात जा. आणि दोघांचे फोन एकदा बंद करून चालू करा."

"थँक्यू बाबा! तू नसतास तर आम्ही कस्टमर केअरला तासभर लटकलो असतो." आणि तिने फोन ठेवला.

यादीत दोन ओळी राहिल्या. पहिली त्यांची, दुसरी काकूंची. काकूंचा फोन दिवसभर स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला असतो, तो कायम शंभर. त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

पुढचे काही दिवस त्यांनी सवयीने यादी उघडली आणि मिटली. कामात चूक नाही. पण शाळेतल्या बाईंची शेजारीण लॅपटॉपचं विचारायला आली तेव्हा काका म्हणाले, "घ्या, जो आवडेल तो." बाई बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. असं उत्तर घेऊन घरी जाणं तिला जमेना.

गुरुवारी सकाळी काकू चष्मा घेऊन दुकानात आल्या, एक काडी वाकली होती. काका आतून पक्कड घेऊन येईपर्यंत त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "यांना झालंय काय? घरात गप्प. टीव्हीला पण नावं ठेवत नाहीत."

मी यादीचं सांगितलं. काकूंना ते ठाऊकच नव्हतं. काका बाहेर आल्यावर त्या त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढे त्या बॅटरीकडे बघत बसत होता, तर फोन करायचात की पोरीला. त्यासाठीच शोधलाय ना तो?"

"तू करतेस की."

"मी करते. आठवड्यातून दोनदा. तुम्ही?"

काका काडी सरळ करत राहिले. "ती कामात असते. कशाला मध्ये मध्ये..."

"बरं," काकू म्हणाल्या. चष्मा घालून त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गेल्या.

दहा मिनिटांनी मी एक फ्रेम द्यायला आत गेलो, तर काका फोन हातात धरून उभे होते. "आत्ता तिकडे किती वाजले असतील रे? उठली असेल का?" मुलगी तिकडे गेल्यापासून पाच वर्षं हा प्रश्न त्यांना पडलेला नव्हता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हिशेब करून सांगितलं, सकाळचे साडेआठ-नऊ. त्यांनी फोन लावला. पाच वेळा वाजला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सगळे बरे आहेत."

"मग?"

"काही नाही. सहज."

पलीकडे मागे कुणाचं तरी बोलणं, खुर्च्या सरकल्याचा आवाज.

"सहज? तू कधी सहज करत नाहीस."

"तू कामात असायचीस."

"तुला काय माहीत, मी कधी कामात असायचे?"

काकांनी पाठ वळवली आणि खिडकीच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडायला लागले.

"बाबा, ऐक ना. आत्ता मात्र खरंच आहे, मीटिंग सुरू होतेय. पण मला बोलायचंय तुझ्याशी. अर्ध्या तासात करते मी. चालेल?"

"कर की. मी इथेच आहे."

त्यांनी फोन कामाच्या टेबलावर, पडदा वर करून ठेवला. काच घासायच्या मशीनचं बटण बंद केलं. ते चालू असलं की शेजारी कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग ते स्टुलावर बसले आणि हातानेच करायची कामं पुढे ओढली, काड्यांचे स्क्रू, नाकावरच्या गाद्या.

थोड्या वेळाने मालकांनी बाहेरून विचारलं, "मशीन का बंद? बिघडलंय?"

"नाही. स्क्रू घट्ट करून घेतो," काका म्हणाले.

मी समोरची फ्रेम बघितली. तिचे स्क्रू मघाशीच घट्ट केलेले होते. काकांनी ते सैल केले आणि पुन्हा घट्ट करायला घेतले. तेव्हा पस्तीस मिनिटं होऊन गेली होती.