उंच लागणारी कॅप

टायपिंग क्लासचे सर आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा गाल भोपळ्याएवढा सुजला होता. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला. पण अशी दाढ पुढे ठिसूळ होते, चावताना तिचा तुकडा पडतो, म्हणून वर कॅप बसवावीच लागते. बहुतेक पेशंट ठणका थांबला की तोंड दाखवत नाहीत. त्यांना फोन करून करून माझा घसा बसतो. सर मात्र वेळेआधीच हजर! म्हटलं, चला, एक तरी शहाणा माणूस भेटला.

कॅप बसवली. डॉक्टरबाईंनी दातांत निळा कागद धरून चावायला लावलं. उंच भागावर निळा ठिपका उमटला, तेवढा घासला.

"आता कसं वाटतंय?"

"छान."

पुढच्याच आठवड्यात सर परत. "जरा उंच लागतेय हो." बाईंनी पुन्हा थोडी घासली. मग पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. कॅप आहे की डोंगर?

गळ्याला रुमाल लावताना मी आपलं सहज विचारायची, जेवलात का? की सर सुरू. बायको गेल्यापासून ते रेडिओ लावून जेवतात. मुलगा लांब असतो. तो फोनवर "बरे आहात ना?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच "ठेवतो" म्हणतो.

एकदा ते बाहेरच्या बाकावर सफरचंद खाताना दिसले. नेमक्या त्याच दाढेने, कराकरा.

"काय हो सर, आज नाही वाटतं उंच लागत?"

सर कानापर्यंत लाल झाले. "ताई, आत खुर्चीत बसलं की तुम्ही दोघी वाकून विचारता, आता कसं वाटतंय. घरी कोण विचारणार?"

मी त्यांना आत घेऊन गेले.

आत बाईंनी कॅप नीट निरखली. "सर, आणखी घासली तर भोक पडेल. मग ही काढून सगळं नव्याने करावं लागेल. खरंच उंच लागतेय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेमधली हत्यारं उगाच सारखी करत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "आता अगदी बरोबर आहे."

"झालं तर मग! आता तुम्हाला यायची गरजच नाही." बाईंनी आनंदाची बातमी म्हणूनच सांगितलं ते. दिवा बंद केला, हातमोजे काढले. मी रुमाल सोडला.

"वा, छान," सर म्हणाले, आणि खुर्चीत तसेच पडून राहिले.