तरबा किती दिवस बसली

मतल्ला विहीर उपसताना मातीखाली गेला, तो बकरीदेनंतरचा पाचवा दिवस. त्याला बाहेर काढलं, न्हाऊ घातलं, पुरलं, आणि त्याची बायको तरबा इद्दतीला, म्हणजे विधवेने घरात पाळायच्या सुतकाला, बसली. इथपर्यंत कुणाचाच गोंधळ नव्हता. तिने किती दिवस बसायचं, यावरून तो सुरू झाला, आणि तो निस्तरता निस्तरता निदान माझ्या तरी डोक्याचा पार भुगा झाला.

मी हम्मादी, तामूरत गावच्या हाकिमाच्या, म्हणजे सरकारी अंमलदाराच्या, कचेरीतला कारकून. जातीने लोहार. आमच्या वाळवंटी मुलखात लोहाराला मालकही आपला म्हणत नाहीत आणि गुलामही म्हणत नाहीत, त्यामुळे दोघंही माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेलही.

तरबा मुनीनाबाईंच्या घरातली. तिची आई त्यांच्या सासूकडे राबली, आजी सासूच्या सासूकडे. तरबा बाजरी कांडायची, पाणी आणायची, तंबू शिवायची. तिचं एकच मूल जगलं, झैदा. मुनीनाबाईंच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा तिला आंदणात दोन गालिचे, एक दुभती उंटीण आणि झैदा दिली. पोर तेव्हा बारा वर्षांची. मतल्ला गेला तेव्हा तिला लेकीच्या सासरी, किफा गावाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तरबा तिचं नाव कधी काढत नसे. पण किफाची लॉरी आली की तिचं मुसळ थांबायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

स्वतंत्र बाईचा नवरा मेला तर तिची इद्दत चार महिने दहा दिवस. गुलाम बाईची बरोब्बर अर्धी, दोन महिने पाच दिवस. गुलामाचं दुःख अर्ध्यात कसं उरकतं, असं मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा उस्तादांनी असा कान पिळला की दोन दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही.

तर तरबा बसली, आणि महिन्याभरात राजधानीतून नव्या कायद्याचा कागद आला: गुलामी रद्द. खरं तर आदल्या वर्षी रेडिओवर हेच सांगितलं होतं. तेव्हा मुनीनाबाईंनी ती बातमी तरबाच्याच हातचा चहा पीत ऐकली, आणि तिसऱ्या पेल्यात साखर कमी पडली म्हणून तिलाच झापलं. यंदा मात्र शिक्क्याचा कागद होता. कचेरीच्या दारावर मीच तो चिकटवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तरबा दारात उभी. इद्दतीतल्या बाईला दिवसा कामापुरतं बाहेर पडता येतं. अंगभर गुंडाळलेली जुनी मलहफा, हाताला मेंदी नाही, डोळ्यात सुरमा नाही.

"लोहारदादा, हा दारावरचा कागद माझ्याबद्दल आहे म्हणतात."

"तुझ्याबद्दल, आणि तुझ्यासारख्या कितीतरी जणांबद्दल."

"मग मी किती दिवस बसू?"

मी लेखणी खाली ठेवली. हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसणार.

"कमी बसले तर वर पाप लागेल," ती म्हणाली. "जास्त बसले तर खाली मालकीणबाई आहेत. नक्की काय ते सांग."

मी तिला काझी अब्दल्लाहींकडे नेलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "नवरा मेला त्या दिवशी बाई कोण होती, त्यावर इद्दत ठरते. मतल्ला गेला तेव्हा हा कागद आलाच नव्हता. शिवाय त्यात लिहिलंय की मालकांना भरपाई मिळेल. मिळाली? नाही. मग तू अजून मुनीनाबाईंचीच. दोन महिने पाच दिवस."

"पण रेडिओ तर आदल्या वर्षीच बोलला होता," मी म्हणालो.

"रेडिओची साक्ष धरायची? तो नमाज पढतो का?"

परतीच्या वाटेवर तरबा म्हणाली, "रेडिओचं खरं धरलं, तर नवरा मेला तेव्हा मी मोकळी होते?"

"होतीस."

"आणि झैदाला दिलं तेव्हा?"

"तेव्हा रेडिओ बोलला नव्हता."

"म्हणजे माझी इद्दत पुरी, पण पोर त्यांची?"

"तसंच दिसतंय."

"असं कसं रे?"

मला कुठे माहीत होतं! मी तिच्यावरच चिडलो, म्हणालो, मला काय विचारतेस, मी काय सरकार आहे? मग तिला हाकिमासमोर उभं केलं. हाकिम समुद्राकडचा, तरुण, नव्यानेच बदलून आलेला. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तक्रार नको.

"ही गुलाम आहे असं कोण म्हणतं?" तो म्हणाला. "या देशात गुलाम नाहीत. फ्रेंचांनी बंदी घातली. स्वातंत्र्य आलं तेव्हा सगळे समान झाले. गेल्या वर्षी पुन्हा जाहीर केलं. यंदा कायदा."

"जे नाहीच ते चार वेळा कशाला रद्द करावं लागतं, साहेब?"

"हम्मादी, तू चहाचं बघ."

तरबा एक पाऊल पुढे आली. "म्हणजे मी जन्मापासून मोकळी?"

"अर्थात."

"मग झैदाही?"

"कोण झैदा?"

"माझी लेक. किफाला आंदणात दिलेली."

हाकिमाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. "तो घरगुती मामला आहे," तो म्हणाला. "दोन घरांतला."

"त्यातलं एक घर माझं ना? मला कुणी विचारलं नाही."

"जा बाई, आता तू मोकळी आहेस."

"मग तसं लिहून द्या."

"गुलामी नाहीच, तर सुटल्याचा दाखला कसा देऊ? उद्या म्हणशील, मला शिंगं नाहीत याचाही दाखला द्या!" तो हसला. सवयीने मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिने पाच दिवस भरले त्या सकाळी मी मुनीनाबाईंच्या पेटीचं कुलूप दुरुस्त करत होतो. कारकून झालो तरी लोहारकाम काही सुटत नाही. बाई तरबाच्या झोपडीपाशी गेल्या. "ऊठ तरबे, भरले तुझे दिवस. बाजरी तशीच पडून आहे."

तरबा उठली नाही. "मालकीणबाई, अजून तेवढेच राहिलेत."

"हे तुला या लोहाराने शिकवलं ना?"

"मी काय शिकवणार बाई, मलाच काही कळेनासं झालंय," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

मुनीनाबाईंचा आवाज फाटला. "तापात होतीस तेव्हा माझ्या हाताने दूध पाजलं तुला. लेकीसारखं वागवलं."

"पाजलंत," तरबा म्हणाली. ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिचे डोळे भरून आले. "पण आज उठले तर माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं होईल, की मी गुलाम होते आणि झैदा तुमची, देण्याजोगी. मला लिहिता येत नाही, बसता येतं. मी बसते."

त्या दिवसापासून बाईंनी तिचं खाणं बंद केलं. शेजारच्या घरांतल्या राबणाऱ्या बायका मलहफेखाली लपवून मूठमूठ कुसकुस आणत. माझी बायकोही द्यायची, वर मला टोमणे मारायची, "एवढा शिकलास आणि साधं मोजता येत नाही?" दर शुक्रवारी तरबा विचारायची, "लोहारदादा, मी पाप तर करत नाही ना?" दर शुक्रवारी मी सांगायचो, "माहीत नाही गं." खोटं तरी किती बोलायचं!

चार महिने दहा दिवस झाले. तरबाने अंघोळ केली, सुरमा घातला, आणि किफाच्या लॉरीत पोत्यांवर चढून बसली. सरकारी टपाल घेऊन मी त्याच लॉरीत होतो. हाकिमाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

किफात मुनीनाबाईंच्या लेकीच्या घराचं दार झैदानेच उघडलं. कोपरापर्यंत पीठ, आईएवढी उंच. दोघी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग तरबाने तिला कवटाळलं, बाप गेल्याचं सांगितलं, आणि म्हणाली, "चल घरी."

झैदा भेदरली. मागे आत पाहून हळूच म्हणाली, "अम्मा, मालकिणीला विचारलंस का?"

मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. चार महिने दहा दिवस ज्या प्रश्नावर बसली, तोच पोरीच्या तोंडून आला होता. तरबाही गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होकाराची की नकाराची, मलाच सांगता येणार नाही.

"काझीला विचारलं," तरबा म्हणाली. "हाकिमाला विचारलं. या लोहारालासुद्धा विचारलं. आता विचारायला कुणी उरलं नाही, पोरी. चपला घाल."

झैदाने पायांकडे पाहिलं. "चपला त्यांच्या आहेत."

"मग काढून ठेव," तरबा म्हणाली. झैदाने चपला उंबऱ्यापाशी काढून ठेवल्या आणि ती अनवाणी बाहेर आली.