आडव्या तारा

अख्खं मुर्री गाव तिला जाळीवाली म्हणतं. माझी धाकटी बहीण. खिडकीची असो की कोंबड्यांच्या खुराड्याची, जाळी दिसली की ती थांबायची आणि बोटानं तारांतलं अंतर मोजायची.

न दिसणाऱ्या विजेच्या लाटा धातूच्या तारांवर आपटून कुठे कुठे फाकतात, ते मोजायचं हेच तिचं शिक्षण. शेजारची काकू तिला म्हणाली, "काऊन वो, जाळ्या बनवतेस म्हणतेत? आमच्या खिडकीले एक देजो."

"देतो ना काकू. मच्छर येतील, पण मोबाईल नाही लागनार!"

मला असं झटकन बोलता येत नाही. तिला सगळंच येतं.

ती जन्मली तेव्हा मी चौथीत होते. आई धानाच्या रोवण्याला जायची, म्हणून तिला सांभाळायला मला घरी बसवलं. माझी पाचवी तिच्यापायी गेली. हे मी तिला कधी बोलले नाही.

दिवाळीला घरी पाहुणे जमले, तेव्हा तिनं ओसरीत दोन डबे मांडले. एकातून लाट निघते, दुसऱ्यातली सुई किती पोचली ते सांगते. मधे तांब्याच्या तारा ताणलेली लाकडी चौकट. "आता तारा लाट अडवतात अन् सुई पडते, पाहा," ती म्हणाली. सुई ढिम्म. ती डब्यांचे खटके तपासू लागली.

"एवढी शिकली, अन् सुई नाही पडून राहिली!" काका म्हणाले. लोक हसले. तिचे कान लाल झाले.

मला कारण ठाऊक होतं. सकाळी पुसायला चौकट मीच उचलली होती. उभ्या तारा ठेवताना आडव्या झाल्या होत्या. तरी मी गप्प राहिले. मला बरं वाटत होतं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी पडल्यावर पाहायची तसं. मी पुढे होऊन चौकट फिरवली. सुई पडली.

"आडव्या तारांतून लाट पार झाली, उभ्यांनी अडवली. बाईनं दाखवलं!" ती सगळ्यांना सांगू लागली. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात ती परदेशी गेली. निघताना म्हणाली, "त्या सकाळी चौकट तूच आडवी ठेवली होती ना, बाई? मले मालूम होतं." तिनं चौकट आणि एक अर्धी कोरी वही माझ्या हातात दिली. "अडलेली लाट मरत नाही बाई, दुसरीकडे फाकते."

त्याच वहीत हे लिहिते आहे. तिनं इतक्या लाटा मोजल्या. मी चौथीत अडले, मग कुठे फाकले, ते मात्र तिनं कधी मोजलं नाही.