वाघाचा नवस

हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून मला भाताची आणि खुर्चीची धास्ती बसली. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बसून राहिलात तर पुन्हा याच ऑपरेशनच्या टेबलावर याल. ते टेबल मला पुन्हा बघायचं नव्हतं. भाताच्या मुलखात राहून मी ताटातला भात मुठीएवढा केला आणि रोज पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालायला लागले.

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात पाळीवर सकाळी जाळी ओढणारे भेटतात. त्या हिवाळ्यात वाघही यायला लागला. ओल्या मातीत पंजे दिसले आणि वनरक्षकाने पाळ बंद केली. नवरा म्हणाला, चार दिवस घरी बस. पण मी माझ्या आळसाला चांगली ओळखून आहे. चार दिवसांचे चार महिने करायला त्याला वेळ लागत नाही.

मग मी गावातलं मारुतीचं देऊळ गाठलं. चहूबाजूंनी घरं, वर दिवा, तिथे वाघाची काय बिशाद! देवळाभोवती झपाझप फिरायचं, घाम आला की घरी. थोड्याच दिवसांत शेजारची म्हातारी माझ्यामागे फिरू लागली, मग तिची सून, मग अर्धी गल्ली. मला वाटलं, गावाला व्यायामाची गोडी लागली. एकदा गुडघा कुरकुरला म्हणून मी उलट्या दिशेने निघाले, तर सगळ्याजणी थबकल्या आणि म्हातारीने खांद्याला धरून मला सरळ वळवलं, नवसाची प्रदक्षिणा उलटी घालू नये म्हणाली. तेव्हा उलगडा झाला. वाघ जावा म्हणून मी नवस बोलले आहे, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. खरं सांगून पाहिलं, पण कोणी ऐकेना. नवस सांगायचा नसतो म्हणून ही लपवते, एवढाच त्याचा अर्थ निघाला.

पुढे वनखात्याने वाघाला पिंजऱ्यात धरून नेलं आणि श्रेय आलं माझ्याकडे. शनिवारी देवळापुढे कढई चढली. म्हातारीने तुपाने थबथबलेल्या शिऱ्याचा पहिला द्रोण माझ्यापुढे धरला. प्रसादाला नाही म्हणू नये हे मलाही कळतं. चिमूटभर उचलून कपाळाला लावला, खाल्ला. खोटं कशाला बोलू, जीव पाघळला.

"पोटभर खाय व बाई," म्हातारी म्हणाली. "नवस फिटला. आता फिराचं काम नाई."

मला एकदम ते टेबल आठवलं. सगळ्यांसमोर मी खरोखर घाबरले.

"माहा नवस वाघाचा नाई, जिवाचा आहे, माय," मी म्हटलं. "जित्ती आहो तवर फिराच लागते."

म्हातारीने द्रोणाकडे पाहिलं, तो हळूच खाली ठेवला.

"मले बी शुगर निंगाली," ती म्हणाली. "घरी कोनाले सांगतलं नाई."

दुसऱ्या दिवशी पाळ मोकळी झाली. मी पोचले तेव्हा म्हातारी काठी घेऊन आधीच उभी होती आणि उशीर केला म्हणून माझ्यावर रागावली.